विमानाच्या अंगावरचा सांधा

(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी दिलेले व्याख्यान, वक्त्यांनी तपासून दिल्याप्रमाणे)



चिटणिसांचे निमंत्रणपत्र आले तेव्हा त्यांनी ‘आपल्या पूर्वजांची विमानविद्या’ असा विषय सुचविला होता. मी त्यांना नम्रपणे कळविले की, ह्या विषयावर सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणून ज्या ग्रंथाचा आपल्या सभांतून उल्लेख होतो, त्याची बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली बारकाईने छाननी केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील आकृत्यांबरहुकूम बांधलेले यंत्र उडणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. तो मला पटलेला आहे. विश्वकर्म्याचे वंशज म्हणवून घेणाऱ्यांनी न केलेल्या कामाचे श्रेय घ्यावे, हे मला बरे दिसत नाही. आपल्या वडिलांनी आणि आजोबांनी जे खरोखर केले, त्याच्याशी सख्खे नाते सांगणारी एक विद्या आज विमाने आणि अग्निबाण बांधण्यात वापरली जात आहे. तिच्याविषयी बोलण्याची परवानगी मी मागितली, आणि चिटणिसांनी ती मोठ्या मनाने दिली.

आरंभ मी आमच्या भात्यापासून करतो. माझे आजोबा बैलगाडीच्या चाकांच्या धावा करीत. लोखंडाची पट्टी वळवून तिची दोन टोके एकावर एक आणावयाची, ती भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवावयाची, वर रेती किंवा टाकणखार टाकावयाचा आणि ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घालावयाचे. टोकांतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की आजोबा “आता!” म्हणून ओरडत, आणि काकांचा घण पडे. चार घावांत दोन टोकांचे एक अंग होई. सांधा कोठे होता हे पुढे शोधूनही सापडत नसे. त्यावेळी मी लहान होतो आणि लोखंड वितळून एकजीव होते अशी माझी समजूत होती. ती चूक होती. लोखंड वितळते सुमारे १५३८ अंश सेल्सियसला, आणि आमच्या भट्टीत त्याला तेथवर कोणी जाऊ देत नसे. गेलेच तर ते जळून वाया जाई. वितळत असे तो वरचा मळ, म्हणजे गंज आणि रेती मिळून झालेला पातळ काच. घणाच्या घावाने तो मळ बाहेर फेकला जाई, आतला उघडा, स्वच्छ, मऊ झालेला धातू दुसऱ्या उघड्या धातूला भिडे, आणि ते दोन्ही एक होत. धातू न वितळवता सांधण्याची ही रीत लोहाराला अनेक पिढ्या ठाऊक आहे. आजच्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून तो प्रथम सांगून ठेवला.

आता विमानाकडे वळू. ॲल्युमिनियम हलका खरा, पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतो. त्याचे पातेले होईल, पंख होणार नाही. त्याला बळ कसे आणावे, हे कोडे आल्फ्रेड विल्म ह्या जर्मन संशोधकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोडविले, आणि तेही काहीसे अभावितपणे. चार टक्क्यांच्या आसपास तांबे आणि किंचित मॅग्नेशियम घातलेली मिश्रधातू त्याने तापवून पाण्यात विझविली. पोलादाप्रमाणे ती लगेच कडक होईल ही त्याची अपेक्षा होती. ती फोल ठरली. पण शनिवारी ठेवलेला तुकडा सोमवारी पुन्हा तपासला, तेव्हा तो आपण होऊनच कडक झालेला आढळला. तापवताना तांबे ॲल्युमिनियममध्ये विरघळते, अकस्मात थंड केल्याने ते आत कोंडून राहते, आणि मग हळूहळू अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने जागोजाग जमा होऊन धातूच्या थरांना एकमेकांवरून सरकू देत नाही. हा उलगडा पुढे १९३८ साली गिनिए आणि प्रेस्टन ह्यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने केला. विल्मच्या धातूचे नाव ड्यूरॅलुमिन. पहिल्या महायुद्धात झेपेलिनच्या सांगाड्यात आणि १९१९ साली उडालेल्या युंकर्स एफ १३ ह्या सर्वस्वी धातूच्या प्रवासी विमानात ती आली. विमानांच्या सांगाड्यात आजही तिचेच वंशज वापरात आहेत.

परंतु ह्या गुणी धातूला एक मोठे व्यंग होते. ती नीट वितळजोड घेत नसे. त्याची कारणे तीन, आणि आपल्यातल्या वेल्डिंग करणाऱ्या मंडळींना ती हाताने ठाऊक असतील. ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेतच ऑक्साइडचा एक पापुद्रा चढतो. धातू ६६० अंशांना वितळतो, पण पापुद्रा दोन हजार अंश ओलांडल्याखेरीज वितळत नाही. म्हणजे पिशवी तशीच आणि आतला माल पातळ! दुसरे असे की, वितळलेला ॲल्युमिनियम हायड्रोजन वायू भरपूर पितो आणि गोठताना तो ओकून टाकतो, त्यामुळे सांध्यात बुडबुडे राहतात. तिसरे कारण सर्वांत घातक. तांब्याची किंवा जस्ताची मिश्रधातू एका ठराविक उष्णतामानाला गोठत नाही. शंभराहून अधिक अंशांच्या पट्ट्यात ती अर्धी घट्ट, अर्धी पातळ अशी राहते, आणि आकसताना त्या अवस्थेतच तडकते. शिवाय जोडाच्या आसपासचे ते सूक्ष्म कण उष्णतेने फुगून मोठे आणि विरळ होतात, आणि बळ ओसरते. विल्मने दोन दिवसांत मिळविले ते वेल्डिंगच्या ज्योतीने क्षणात घालवावे, असा हा प्रकार. ह्या कुळातील काही मोजक्या मिश्रधातू टाक्यांसाठी म्हणून बऱ्यापैकी सांधता येत. पण पंखांच्या आणि सांगाड्याच्या २०२४ व ७०७५ सारख्या जाती तर वितळजोडाच्या कामातून बादच मानल्या जात. आमच्या आजोबांची रीतही येथे लागू पडत नसे, कारण ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही. लोखंड लाल, नारिंगी, पिवळे, पांढरे होत “आता मार” असे सांगते. ॲल्युमिनियम तसाच रुपेरी बसून राहतो आणि एकदम ओघळतो.

म्हणून उपाय राहिला रिवेटांचा. विमानाचे कवच म्हणजे एका पत्र्यावर दुसरा चढवून, भोके पाडून, रिवेट ठोकून शिवलेली गोधडीच होय. बोइंग ७४७ ह्या एका विमानात सुमारे साठ लाख सुटे भाग असतात आणि त्यांतले निम्मे केवळ जोडणीचे, असे त्याच्या निर्मात्यांचेच सांगणे आहे. रिवेटाचे स्वतःचे वजन, पत्र्यावर पत्रा चढविल्याचे वजन, मध्ये भरलेल्या लुकणाचे वजन, हे सारे ओझे विमान आयुष्यभर वाहते. पण वजनाहून मोठे दुःख भोकाचे. ताणलेल्या पत्र्यात एक लहानसे गोल भोक असले, तर त्याच्या काठावर ताण तिप्पट होतो. प्रत्येक उड्डाणात कवच फुगते, प्रत्येक उतरणीत बसते, आणि भोकाच्या काठावर केसाएवढी चीर हळूहळू पुढे सरकू लागते. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ ह्या ब्रिटिश जेट विमानांपैकी दोन भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळील भोकांपासून निघालेल्या थकव्याच्या चिरा हे त्याचे कारण ठरले. पुढे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या एका बोइंग ७३७ चे छतच उडाले. त्या विमानाने नव्वद हजारांच्या आसपास उड्डाणे केली होती, आणि एका ओळीतल्या कित्येक रिवेटांपाशी निघालेल्या चिरा एकमेकींना मिळाल्या होत्या. वैमानिकांनी ते विमान कौशल्याने उतरविले. एका सेविकेने मात्र प्राण गमावले. रिवेट वाईट असे मी म्हणत नाही. लाखो माणसे रोज रिवेटांच्या भरवशावर सुखरूप प्रवास करतात. पण भोक न पाडता सांधा होईल तर बरे, ही इच्छा का निर्माण झाली, हे ह्यावरून कळेल.

ती इच्छा पुरी झाली १९९१ साली. इंग्लंडात केंब्रिजजवळ वेल्डिंगचे संशोधन करणारी टी.डब्ल्यू.आय. नावाची संस्था आहे. तेथील वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तिच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. इंग्रजीत तिला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. आपण घर्षण-घुसळ सांधणी म्हणू. युक्ती सांगितली की सोपी वाटते. दोन पत्रे कडेला कड लावून एका जाड पोलादी पाटावर घट्ट आवळावयाचे. कठीण पोलादाचे एक गोल हत्यार घ्यावयाचे. त्याच्या तोंडाशी रुंद खांदा आणि खांद्याच्या मधोमध पत्र्याच्या जाडीहून किंचित तोकडी अशी आटे पाडलेली खुंटी. ते हत्यार मिनिटाला काही शेकडा ते हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरवीत दोन पत्र्यांच्या शिवणीत दाबावयाचे. खांदा पत्र्यावर घासला की उष्णता निघते, धातू लोण्यासारखा मऊ होतो, आणि खुंटी आत शिरते. मग हत्यार शिवणीवरून सावकाश पुढे न्यावयाचे. खुंटीपुढचा मऊ धातू तिला वळसा घालून मागे जातो, खांद्याखाली दाबला जातो आणि तेथेच घट्ट होतो. ज्योत नाही, धूर नाही, भरणीची तार नाही, आणि वितळणे तर नाहीच. उष्णतामान सामान्यतः चारशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान, म्हणजे वितळबिंदूच्या खालीच, राहते. जे वितळलेच नाही ते गोठताना तडकणार कसे, आणि वायू पिणार तरी कसे?

आमच्या भगिनीवर्गाला रवीची उपमा पटेल, पण ती पुरती बरोबर नाही. रवी उजवीकडे-डावीकडे आलटून पालटून फिरते. हे हत्यार एकाच दिशेने फिरते, आणि फिरता फिरता पुढेही सरकते. त्यामुळे त्याच्या एका बाजूला फिरण्याची आणि सरकण्याची दिशा एक असते, दुसऱ्या बाजूला उलट. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजू कधीही सारख्या नसतात. मला तर ही रवीपेक्षा भट्टी आणि घण ह्यांची एकत्र केलेली आवृत्ती वाटते. खांदा तापवतो आणि दाबतो, खुंटी मळ मोडून धातूचे उघडे अंग उघड्या अंगाला भिडवते, आणि खालचा पोलादी पाट ऐरण होतो. इंग्रजीतसुद्धा त्या पाटाला ॲन्व्हिल म्हणण्याचा प्रघात आहे. हे वाचले तेव्हा मला आजोबांची आठवण झाली, हे मी लपवून ठेवीत नाही.

ह्या विद्येचा पहिला उपयोग विमानात झाला नाही. १९९० नंतरच्या दशकात नॉर्वेमध्ये जहाजांचे ॲल्युमिनियमचे फलक अशा रीतीने सांधण्यात आले, आणि जपानात आगगाडीचे डबे. आकाशाकडे ती निघाली ती अग्निबाणाच्या वाटेने: १९९९ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या ‘डेल्टा-२’ अग्निबाणाचा एक भाग असा सांधलेला होता. अमेरिकेच्या अंतराळ-शटलची बाह्य इंधनटाकी १९९८ पासून लिथियममिश्रित ॲल्युमिनियमची होऊ लागली होती. तिने सुमारे ३,४०० किलो वजन वाचविले, पण ही धातू वितळजोडाला, आणि विशेषतः एकदा चुकलेला जोड दुरुस्त करण्याला, फारच हट्टी निघाली. तेव्हा तिच्या लांब सरळ जोडांसाठी घुसळ-सांधणी आली. नवे आर्टेमिस यान ज्या महाबाणावर १६ नोव्हेंबर २०२२ रोजी चंद्राकडे गेले, त्याच्या टाक्याही ह्याच रीतीने सांधलेल्या. आपल्या देशातही ही विद्या आली आहे. १२ एप्रिल २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी४१ अग्निबाणाच्या ॲल्युमिनियमच्या इंधनटाकीत भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने प्रथमच ही सांधणी वापरली.

विमानात मात्र खरी हिंमत केली ती एका नव्या, लहान कंपनीने. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात एक्लिप्स नावाच्या कंपनीने सहा आसनी जेट विमान बांधावयास घेतले आणि सात हजारांहून अधिक रिवेटांच्या जागी घुसळ-सांधे घातले. रिवेट ठोकणाऱ्या स्वयंचलित यंत्रापेक्षाही हे काम कितीतरी पट लवकर होई. अमेरिकन सरकारच्या विमानखात्याने सप्टेंबर २००६ मध्ये ह्या विमानाला मान्यता दिली. सुमारे अडीचशे विमाने बांधून झाल्यावर, २००८ च्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळे जाहीर केले. ती बुडाली ती सांधे उसवल्यामुळे नव्हे, तर पैशाचे गणित चुकल्यामुळे. पण जगाचा न्याय असा की, कंपनीबरोबर तिच्या विद्येवरही लोक संशयाने पाहू लागतात. मोठे विमान-कारखानदार ह्या बाबतीत आजही बेताबेतानेच पावले टाकतात. त्यांतच कार्बन-तंतूंच्या विमानांचा जमाना आला. बोइंग ७८७ चे निम्मे वजन त्याच द्रव्याचे आहे. ॲल्युमिनियमला आपली जागा राखावयाची तर हलके आणि स्वस्त व्हावेच लागेल, आणि त्यासाठी हा सांधा हे एक मोठे साधन आहे, असे माझे मत आहे.

सावधपणाचे दुसरेही कारण आहे, आणि त्याबद्दल मी ऐकीव बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात सांध्यांच्या तपासणीवर होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. सहा मिलिमीटरच्या पत्र्यांचे फलक अशा रीतीने सांधून बाहेर जात. सांधा दिसावयास इतका देखणा की हात फिरवीत राहावे. एका खेपेस मला तो नेहमीपेक्षा अधिकच देखणा वाटला, आणि का कोण जाणे, मनात पाल चुकचुकली. मी एक पट्टी कापून घेतली आणि खालची बाजू बाहेर येईल अशी वाकविली. पट्टी पुस्तकासारखी उघडली. वरून सारे एकजीव. तळाशी मात्र दोन्ही पत्र्यांच्या कडा जशा आणून ठेवल्या तशाच, एकमेकींना चिकटून पण न जुळता उभ्या होत्या. शोध घेता कळले की, त्या खेपेचे पत्रे सहा मिलिमीटरपेक्षा चार-पाच दशांशांनी जाड आले होते आणि खुंटी जुन्याच मापाची होती. ती तळापर्यंत पोचलीच नव्हती. ह्या दोषाला इंग्रजीत ‘चुंबन-जोड’ अशा अर्थाचा शब्द आहे; आपल्या मर्यादेला धरून आपण ‘भासजोड’ म्हणू. क्ष-किरणांच्या चित्रात तो बहुधा दिसत नाही, कारण मध्ये पोकळी नसते. ध्वनिलहरींनीही तो पकडावयास सराईत माणूस लागतो.

माल रवाना होण्याच्या बेतात होता. वरिष्ठांनी मला विचारले, “एका पट्टीवरून तुम्ही साऱ्या खेपेला दोष देता?” मी म्हटले, “साहेब, आणखी दोन कापू.” दोन्ही उघडल्या. खेप थांबली, नुकसान झाले, आणि ते नुकसान माझ्यामुळे झाले असे पुढे पुष्कळ दिवस बोलले जाई. मला त्याचे वाईट वाटले, हे खरे. पण तो फलक कोणत्या गाडीत किंवा कोणत्या यानात बसला असता ह्याचा विचार मनात आला की अजूनही रात्री झोप मोडते.

ह्या रीतीच्या आणखी अडचणी थोडक्यात सांगतो. दाब टनाच्या घरात लागतो, म्हणून यंत्र आणि पाट दोन्ही जडच हवेत. हाताने, धावपट्टीवर बसून करण्याचे हे काम नव्हे. खुंटी शेवटी उचलली की तेथे तिच्या मापाचे भोक उरते. वाटोळ्या टाकीत शिवण आरंभाशीच परत येते, तेव्हा हे भोक फारच खुपते. अमेरिकेच्या मार्शल अंतराळ केंद्रात खुंटी हळूहळू आत ओढून घेणारे हत्यार केले गेले, त्याने हे दुखणे दूर झाले. सांध्याचे बळ वितळजोडापेक्षा पुष्कळ चांगले असले तरी मूळ पत्र्याइतके राहत नाही, कारण आजूबाजूचे सूक्ष्म कण थोडे तरी फुगतातच. आणि त्या पट्ट्यात गंजही लवकर धरतो. म्हणून रंग-लेपाची हयगय चालत नाही.

आता एक गोष्ट कार्यकारी मंडळापुढे ठेवतो आणि आवरते घेतो. काल ठरावांच्या वेळी कोणी तरी म्हणाले की, यंत्रे आली, आता लोहाराच्या मुलाला हातविद्या कशाला? हे म्हणणे अर्धे खरे आहे. ह्या सांधणीत घण मारणारा हात लागत नाही. यंत्र आपले आपण शिवण चालविते. पण खुंटीचे माप कोणी घ्यावयाचे, पत्रे कोणी आवळावयाचे, हत्याराचे आटे झिजले हे आवाजावरून कोणी ओळखावयाचे, आणि देखणा सांधा कापून पाहण्याचा वहीम कोणाला यावयाचा? आपला शिष्यवृत्ती निधी केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांना दिला जातो. ध्वनिलहरींनी आणि क्ष-किरणांनी धातूची तपासणी करण्याचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. त्यांची फी भरता न आल्यामुळे परत गेलेली आपली तीन मुले मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा निधीच्या नियमांतील ‘पदवी’ ह्या शब्दापुढे ‘अथवा मान्य तांत्रिक प्रमाणपत्र’ एवढे शब्द घालावेत, अशी सूचना मी लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे दिली आहे. उद्याच्या सभेत ती चर्चेला यावी, ही विनंती.

येताना मी एक तुकडा बरोबर आणला आहे. घुसळ-सांध्याचा आडवा छेद घेऊन, तो घासून-पुसून कॉस्टिक सोड्याने कोरला आहे. मधोमध कांद्याच्या चकतीसारखी वलये दिसतील. हत्याराच्या एकेका फेरीबरोबर एकेक थर कसा बसत गेला, हे त्यांवरून दिसते. तुकडा हातोहात फिरवा. वरची बाजू सर्वजण पाहतीलच. कृपा करून उलटा करून तळही पाहा. पुढच्या रांगेपासून सुरुवात करू, आणि मंडळी, तो परत माझ्याकडे येऊ द्या, कारण सोमवारी तो मला विद्यार्थ्यांना दाखवावयाचा आहे.